तात्याची चुन्याची डबी

दुपारचं गिऱ्हाईक न्हाई, म्हणून मी माझ्याच सलूनच्या खुर्चीत टेकतो. खिशात उजीच्या, माझ्या लेकीच्या, गोळ्यांची पट्टी हाय. कानात आवाज यायचे तिला; गोळीनं गेले. पण आता जीभ आपोआप आतबाहेर हलती. म्हणून सकाळी पट्टीच उचलली. आजपासनं गोळी बंद.

डोळा लागतो न लागतो, तोच मानंला गार वस्तरा.

"हलू नको, बारक्या."

आरशात माझा थोरला भाऊ, भागवततात्या. जाऊन लई वर्सं झाली की ह्याला! आंगात तोच बाह्या दुमडलेला सदरा, आणि तोंड चालूच. जबडा गोल गोल, ओठ चपचप. जित्तेपणी झोपंत तेवढं थांबायचं, त्यामुळं त्याची दाढी मी तो घोरत असताना करायचो.

"आज उलटं रं," तो म्हणतो. "आज तू झोपलायस."

मी हसायला जातो, तर खुर्चीचं दवाखान्यातलं बाकडं झालंय. पुढं रांग. सगळ्यांचीच तोंडं हलतायत. खिडकीतनं डॉक्टर वरडतोय, "तंबाखू थुकून या!"

"बघ. मला पण हेच म्हणाला."

आमच्याकडं बाप्याचं तोंड हललं की तंबाखूच. तात्यानं जन्मात तंबाखूला हात लावला न्हाई. कानातले आवाज बंद करायच्या गोळ्या वर्सानुवर्सं खाऊन तोंड तसं झालेलं. तरी खिशात चुन्याची डबी ठेवायचा, चारचौघांत काढून टिचकी मारायचा. म्हणायचा, व्यसनी म्हणू द्या, येडा नगं.

"उजी काय म्हणती?" तो इचारतो.

"गालात लवंग धरलीय म्हणती."

"वास येतो का लवंगंचा?"

मी खाली बघतो.

बाकड्याखाली पाणी चमकतं. ही तर आमची हीर. तात्या काठावर पाय सोडून बसलाय. ह्याच हिरीत गेला तो.

"ऊठ तात्या तिथनं."

"मी पण गोळी बंद केलती. कुणाला न सांगता. वाटलं, तोंड थांबंल." जबडा फिरतोच. "तोंड थांबलं न्हाई. आवाज तेवढे माघारी आले. इथवर घेऊन आले."

"मग पोरीनं काय असंच चघळत बसायचं? जग हसंल तिला!"

"जग गेलं उडत. डॉक्टरला सांग, तंबाखू न्हाई, लवंग न्हाई, गोळीनं तोंड हलतंय. मला एवढं बोलायचं जमलं न्हाई बघ. गोळी बदलायची का कमी करायची, ते त्याला ठरवू दे. तू कोण लागून गेलास पट्टी लपवणारा?"

तो माझा अंगठा धरतो, नखावर कायतरी घासतो. आणि त्याचं तोंड थांबतं. पार थांबतं. पाणी वर चढतंय.

"तात्या!"

आरशात मी एकलाच. मुठीत पट्टी चुरगळलेली. अंगठ्याच्या नखावर पांढरं. साबण असंल म्हणून जिभंला लावतो, तर चर्रकन पोळतं. चुना. आमच्यात चुना खातंय कोण?

सलून उघडंच टाकून घर गाठतो. उजी ओट्यावर, तोंडापुढं ओढणी धरून बसलेली.

"उजे, चप्पल घाल. दवाखान्यात जायचंय."

"कशाला वो आबा? लवंग हाय तोंडात."

मी तिच्या म्होरं बसतो आणि भाजलेली जीभ बाहेर काढतो.

"ही माझी बघ. आता तुझी दाखव."