पडद्याखालची ओळ

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. जिला सांगायला हवं होतं तिच्यापुढे तर नाहीच नाही. आणि आधीच सांगून ठेवतो, प्रकरण छोटंसं आहे. एका वाक्याचं. ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? मीही बरीच वर्षं स्वतःला हेच म्हणत आलो.

नगरला एम.ए. करत होतो तेव्हा आमच्या कॉलेजात विद्यार्थ्यांचं चित्रपट मंडळ होतं. मंडळ म्हणजे काय — पाचसहा हौशी पोरं, एक जुना प्रोजेक्टर आणि सेमिनार हॉल. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी 'खास खेळ' असायचा, कुठल्यातरी लांबच्या देशातला सिनेमा. तिथली भाषा कुणाला येणार? चित्राखाली इंग्रजी ओळी यायच्या, पण हॉलची भिंत ठेंगणी, त्यामुळे नेमक्या त्या ओळी व्यासपीठाच्या कठड्यामागे जायच्या. दिसायच्या फक्त लॅपटॉपवर. आणि लॅपटॉपपाशी मी. माईक घेऊन मी त्या मराठीत बोलत जायचो — म्हातारा, नवरी, पोलीस, सगळ्यांच्या वतीनं. पोरं मला 'टॉकीज' म्हणायची. एरवी मला विचारत कोण होतं? खोलीवर एकटा, मेसमध्ये एकटा. शनिवारी मात्र अख्खा हॉल माझ्या आवाजाला कान लावून बसायचा. इंग्रजी माझं पक्कं होतं आणि त्याचा थोडा माजही होता.

वैशाली माझ्याच वर्गात होती. पारनेरकडच्या एका खेड्यातली. वडील लहानपणीच गेलेले, आई गावात पिठाची गिरणी चालवायची. खेळ संपला की सगळे पळायचे, ही वायरी गुंडाळायला थांबायची. मग आम्ही फाटकाबाहेर चहा प्यायचो आणि ती विचारायची, "ती बाई शेवटी अशी का वागली रे?" त्या अर्ध्या तासासाठी मी महिनाभर जगायचो. प्रेम होतं का? होतं. तिला कधी म्हणालो का? छे. दुनियेतल्या लोकांच्या वतीनं माईकवर बोलणारा मी — स्वतःचं एक वाक्य मला जमलं नाही.

त्या वर्षी तिला पुढच्या शिक्षणासाठी हैदराबादला प्रवेश मिळाला. शिष्यवृत्तीसकट. आनंदानं उड्या माराव्यात अशी बातमी, आणि ही कप नुसता हातात फिरवत बसलेली.

"आई म्हनती, जा," ती म्हणाली. "पन ती तोंडानं म्हनती. पोटात काय हाय, कुनाला ठावं? गिरनीचा पट्टा चढवायला सुदिक दुसरं मानूस न्हाई तिला."

असाच पेच असलेल्या मायलेकींच्या एका सिनेमाबद्दल तिनं कुठंतरी वाचलं होतं. पुढचा खास खेळ तोच ठेवा, म्हणून ती मंडळाच्या मागे लागली. "बघू तर, ती आई काय म्हनती," असं म्हणून हसली. मीही हसलो. हसताना मनात काय चाललं होतं ते सांगतो — ही गेली तर मी चहा कुणाबरोबर पिऊ?

सिनेमा समुद्रकाठच्या गावातला. विधवा आई मासे वाळवते, मुलीला शहरात काम मिळालंय. शेवटी धक्क्यावर बोट लागते. आई मुलीची हनुवटी धरते आणि काहीतरी बोलते. लॅपटॉपवर ओळ आली — जा, माझ्यासाठी थांबलीस तर मला आवडणार नाही. शाळकरी पोरालाही समजेल इतकं सोपं इंग्रजी.

मी माईकवर म्हणालो, "जाऊ नको गं. तू गेलीस की मी बोलू कुणाशी?"

जीभ घसरली असेल? घाई झाली असेल? नाही. तयारीसाठी तो सिनेमा मी आधीच एकट्यानं पाहिला होता. वाक्य घरून ठरवून आणलं होतं. आणि ते त्या बाईचं नव्हतंच, माझं होतं.

पडद्यावरची मुलगी बोटीत चढली. आई उभीच राहिली. हॉलमध्ये कुणीतरी नाक ओढलं आणि — लाज वाटते सांगायला — आपण किती छान बोललो असं मला वाटलं.

वायरी गुंडाळताना वैशालीनं विचारलं, "खरंच असं म्हनली ती?"

"हो."

"आन् तरी पोरगी गेली?"

"गेली."

"मला न्हाई जमायचं असलं," ती म्हणाली आणि चहा न पिताच निघाली.

ती हैदराबादला गेली नाही. तुम्हाला वाटेल, मग मला मिळाली. कुठली? परीक्षा झाली तशी ती गावी आईकडे गेली. आईसाठी थांबणार म्हणजे नगरला थोडीच थांबणार होती? एवढी साधी गोष्ट माझ्या हुशार डोक्यात आली नव्हती. फोन कमी होत गेले. मला नेवाशाला नोकरी लागली. लग्न झालं नाही. आजही सुट्टीत परक्या भाषेतले सिनेमे बघतो, एकटाच, आणि कधीकधी सवयीनं ओळी मराठीत पुटपुटतो.

तिची आई गेल्या वर्षी वारली. काही महिन्यांनी वैशालीचा फोन आला. ती गावच्याच शाळेत शिकवते, सकाळी गिरणीही बघते. शाळेत मोठ्या मुलींना तो सिनेमा दाखवायचा होता. "पोरींना तेवढं भरभर वाचता येत न्हाई. तूच ये बोलायला," म्हणाली. नाही म्हणता आलं असतं. पण तिनं बोलावलं होतं, म्हणून गेलो.

शाळेची भिंत चांगली उंच होती. ओळी स्वच्छ दिसत होत्या. धक्का आला, बोट आली, आईनं हनुवटी धरली. माईक माझ्या हातात होता आणि तोंड उघडेना. खरंही बोलवेना, खोटंही. शेजारी बसलेल्या वैशालीनं माईक घेतला आणि वर्गात बोलतात तशा शांत आवाजात मुलींना सांगितलं, "आई म्हणते, जा. माझ्यासाठी थांबलीस तर मला आवडणार नाही." मग माईक माझ्या हातात परत दिला. "म्होरलं बोल," म्हणाली.

ती मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आली.

"आई शेवटपर्यंत इचारायची, का गं गेली न्हाईस?" ती म्हणाली. मग म्हणाली, "ती गेल्यावर मोबाईलवर त्यो सिनेमा पुन्यांदा बघितला मी. तवा तुला नीट उमगलं नसंल, न्हाई का? खालच्या वळी लई भरभर जात्यात."

ती माझ्याकडे बघत राहिली. ती मला सुटका देत होती की खरं बोलायची संधी, कुणास ठाऊक. रस्त्याला दुसरं कुणी नव्हतं. एसटीचा पत्ता नव्हता. वेळच वेळ होता.

मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवतो. ते तिला माहीत आहे.

"हो," मी म्हणालो. "तेव्हा माझं इंग्रजी कच्चं होतं."