आठ अंशांची चूक

देवाजी मेश्राम गेल्याचा फोन त्यांच्या पत्नी शेवंतावहिनींनी केला. वेळ, वय, कारण मी बातमीदाराच्या सवयीनं वहीत लिहून घेतलं. त्याला आता पाच आठवडे झाले.

मेश्राम वरठीच्या पोलाद कारखान्यात मापनाची उपकरणं सांभाळत. सुटीच्या दिवशी अंगणात जुन्या मोटारींचे काटे तपासत. इंधनाचा काटा असेल तर रिकाम्या टाकीत एकेक लिटर मोजून ओतायचं आणि दर लिटरला काटा किती सरकतो ते पाहायचं. उष्णतेचा असेल तर त्याचं तांब्याचं टोक पातेल्यातल्या पाण्यात सोडायचं, शेजारी थर्मामीटर, खाली स्टोव्ह, आणि थर्मामीटर दाखवील त्या आकड्याशी काटा जुळवायचा. टोक आडव्या काठीला दोऱ्यानं बांधून पाण्यात अधांतरी ठेवावं लागे. तळ जास्त तापतो, म्हणून तिथं टेकलेलं चालत नसे.

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन दोनेक वर्षं झाली असतील. मी भंडाऱ्यात वार्ताहर होतो आणि त्यांच्यावर लिहायला गेलो होतो. सिहोऱ्याचे पटले त्याच दिवशी वडिलांच्या काळातली जीप घेऊन आले. नागपूरला जुन्या गाड्यांची फेरी होती. उष्णतेचा काटा बंद असल्यामुळे जीपचं इंजिन एकदा तापून जाम झालं होतं. पुन्हा झालं तर ब्लॉक वाचणार नाही, असं मेकॅनिकनं सांगून ठेवलं होतं. मेश्रामांनी दोन तास खपून काटा बसवला. पंचाण्णवच्या रेघेला टेकला की गाडी थांबवा, एवढंच बजावलं. पटले निघाले.

पातेलं रिकामं करताना मेश्राम थबकले. तळाला घासल्याची चकचकीत खूण होती. त्यांनी काठी पाहिली. दोऱ्याची गाठ सरकली होती. त्यांनी पुन्हा पाणी तापवलं, थर्मामीटर आधी मधोमध धरला, मग तळाशी नेला. फरक आठ अंशांचा होता. म्हणजे काटा पंचाण्णव दाखवील तेव्हा इंजिन शंभरच्या पुढे गेलेलं असणार.

जीपमध्ये मोबाइल नव्हता. मेश्रामांनी मोटारसायकल काढली. वहिनींनी मला मागे बसायला सांगितलं. "एकटे गेले तं रस्त्यात दुसऱ्याच गाडीचा काटा पाहत बसतीन," त्या म्हणाल्या.

मेश्राम एरवी चाळिसाच्या वर गाडी चालवत नसत. त्या दिवशी सत्तरच्या खाली आलेच नाहीत. भंडाऱ्यात चहावाल्यानं सांगितलं, हिरवी जीप आताच गेली. शहापूर मागे पडलं. डोळ्यांना पाणी येत होतं, लांबून दिसलेली प्रत्येक हिरवी गाडी जवळ गेल्यावर ट्रॅक्टर निघत होती आणि मेश्राम मोठ्यानं आकडे बोलत होते. ऊन, चढ, जीपचा वेग, आतापर्यंत पाणी किती तापलं असेल... मौद्याच्या अलीकडे जीप दिसली. त्यांनी हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही.

पटले वैतागून उतरले. "काटा ब्याण्णववर हाय, मेश्रामभाऊ. तुमीच म्हटलं होतं पंचाण्णव. मंग काहून थांबवून राहिले?"

"तो खोटं बोलून राहिला," मेश्राम म्हणाले. "मीच शिकवलं त्याले."

बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या झाकणाखालून वाफ फुसफुसत होती. मेश्रामांनी कुणालाही झाकणाला हात लावू दिला नाही. अर्धा तास सगळे बाभळीखाली बसलो. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडून वहीचं पान मागून घेतलं, काहीतरी लिहिलं आणि काट्याखाली चिकटवलं. जीप वेळेत नागपूरला पोहोचली, इंजिन शाबूत.

त्यानंतर काटा दुरुस्त करून देतो म्हणून मेश्राम तीनदा सिहोऱ्याला गेले. पटलेंनी दर वेळी चहा पाजला, काटा काढू दिला नाही. घरच्यांसमोर ते मेश्रामांना चिडवत, आमचा काटा नापास हाय, पण मास्तर पास हाय.

गेल्या आठवड्यात मी तिथं गेलो. पटलेंनी जीप सुरू केली. वहीचं पान पिवळं पडलंय, वरून चिकटपट्टी लावलीय. अक्षर वाचता येतं : "हा काटा आठ अंश कमी दाखवतो. चूक माझी. दे. मेश्राम, वरठी."

काटा हळूहळू चढत ऐंशीवर थांबला. पटलेंनी चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"म्हणजे अठ्ठ्याऐंशी," ते म्हणाले आणि गाडी बंद केली.