बैलांची वाट

तापल्या डांबराचा वास आला की मला बाभुळगावाजवळची आमची गाडवाट दिसते. कापूस बाजारात नेताना गाडीवान गाडीवरच झोपत आणि बैल सवयीनं वाट चालत. सरकारनं त्या वाटेला आडवी नवी सडक काढली, आणि एका पहाटे ट्रकखाली माझे काका गेले. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "गाडीवानानं जागं राहायला हवं." आई पदर खोचून पुढे झाली. "बैलायले वाट आमी शिकवली. सडक मधात तुमी आणली, तं मोटारीले थांबाले तुमीच शिकवा. तवर आमच्या गाड्या सडकेवर आडव्याच राहतीन!" गाड्या खरंच आडव्या राहिल्या, आणि मोटारींनी तिथं थांबावं अशी सरकारी पाटी लागली तेव्हाच हलल्या. आता बैल नाहीत, पाटीही गंजली, तरी तिथं आले की मी ड्रायव्हरला सांगते, "हळू घे बाबू, इथं मधात आपून आलो."