काकींची जागेवरची सायकल

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण कोणाचे, असे कोणी विचारले तर मी प्रकाशा गावच्या काकींचे सांगतो. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. खांडबाऱ्याच्या पलीकडच्या पाड्यावरून माझे आई-वडील तापीकाठी त्यांच्या केळीच्या बागेत कामाला येत. मी दहावी झालो आणि वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही. तेव्हा काकींनी घरामागची धान्याची खोली झाडून दिली आणि म्हणाल्या, इथे राहा, शहाद्याची एसटी फाट्यावर थांबते. त्या खोलीत राहून मी बारावी केली, मग बी.एस्सी. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर.

घरी आम्ही आमची आदिवासी कोकणी बोलायचो. काकींच्या घरात आपसांत गुजर समाजाची गुजरी चाले, माझ्याशी त्या अहिराणीत बोलत. मराठी माझ्यासाठी पुस्तकात होती. काकी चौथीपर्यंत शिकलेल्या. संध्याकाळी त्या भाजी निवडायला बसल्या की मला पेपर मोठ्याने वाचायला लावत. मी अडखळलो तर त्या हातातली भाजी खाली ठेवून थांबत. पुढे मुलाखतीत मला न घाबरता चार वाक्ये बोलता आली, ती त्या भाजीच्या परातीसमोर बसल्यामुळे.

आता मी नाशिकला असतो. घरोघरी जाऊन व्यायामाच्या सायकली दुरुस्त करतो. पदवीनंतर काही दिवसांपुरते म्हणून हे काम धरले आणि त्यातच रमलो. बहुतेक घरांत सायकल गॅलरीत असते आणि तिच्यावर टॉवेल वाळत असतात. सायकल डुगडुगते अशी तक्रार असते आणि दोष फरशीचा निघतो. स्क्रीनवर आकडे येत नाहीत म्हणून लोक नवीन सायकल घ्यायला निघतात. आत सेल पाझरून हिरवे झालेले असतात, एवढेच. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे कोणाला ठाऊक नसते. ते सैल झाले की घरातला धडधाकट माणूस पाना घेऊन उजवीकडे फिरवत बसतो आणि होते नव्हते तेही सैल करून ठेवतो. काम झाले की चहा येतो. मी एखाद्या घरी चहा पीत असलो आणि आतून कोणी पेपर वाचल्याचा आवाज आला की माझे लक्ष जागेवर राहत नाही.

काका गेल्यानंतर काकी त्या मोठ्या घरात एकट्या राहत. सोबतीला शेतावरचा जुना सालदार, वर्षाच्या बोलीवर राहिलेला गडी. मुलगा, ज्याला मी दादा म्हणतो, बडोद्याला. काकींच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा डॉक्टरांनी रोज सायकल चालवायला सांगितली. दादाने जागेवरची सायकल पाठवली आणि एक अटही घातली. दिवाळीपर्यंत आई जिना चढून धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, गेली तर तिने खुशाल प्रकाशाला राहावे. नाही तर बडोद्याला यावे, कायमचे. काकींना जायचे नव्हते. आणि त्यांनी जाऊ नये असे मलाही फार वाटत होते. गावी जातो म्हणताना माझ्या मनात पाड्याच्या आधी त्यांचे घर येते.

दसरा झाला आणि काकींचा फोन आला.

"पोऱ्या, मन्हा पाय गया."

"पडन्या का काकी?"

"नही रे. सायकलवर बसस ना, तं गुडघा असा दुखस का इचारू नको. डॉक्टरनी नवा टाका तोच खराब निंघना. आते दादा लई जाई माले."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्या सामान बांधायला बसल्यासारख्या बोलत होत्या. मी पिशवीत पाने, नवा पट्टा, सेल टाकले आणि सकाळच्या गाडीने निघालो.

सायकल ओसरीत होती. हँडलला कुंकवाची बोटे, तांदूळ चिकटलेले, झेंडूचा वाळलेला हार. मी सीटवर बसलो. पाय हवेत फिरवावेत तसे पेडल फिरले, जोर कुठेच लागेना. थोडे फिरवल्यावर माझ्याखालची सीट हळूच खाली गेली. पुन्हा फिरवले, पुन्हा थोडी खाली.

"हिले काय करं?" मी विचारले.

सालदार खांबाला टेकून उभा होता. "काय करं म्हंजे? दसराना दिन ट्रॅक्टर धुवा, मोटर धुई, कडबाकुट्टी धुई. बठ्ठास्नी आंघोळ व्हयनी, मंग हाईच एकली पारोशी कसाले ठेवानी?"

"मीच सांगं व्हतं तेले," काकी आतून म्हणाल्या. "रोज मन्हं वझं उचलस ती. तिन्ही पूजा नको?"

"आनि तेल?"

"ते बी दिन्हं," सालदार समाधानाने म्हणाला. "कंजुशी करी नही."

मला हसू आले आणि काळजीही वाटली. आमच्याकडे दसऱ्याला कामाचे प्रत्येक यंत्र धुऊन, तेल पाजून पूजतात. मीही लहानपणी विळे पुसून ओळीने मांडले आहेत. पण या सायकलीच्या पोटात पट्टा असतो, आणि पट्ट्याला तेल लागले की तो चाकावर धरत नाही, नुसता घसरतो. मी बाजूचे झाकण उघडले. पट्टा तेलाने चमकत होता. पेडलच्या दांड्याला हाराचा दोरा गुंडाळून घट्ट बसला होता. स्क्रीनमध्ये पाणी शिरले होते आणि चाकाचे फेरे मोजणारी तार खाचेतून निसटली होती.

खरा घोटाळा सीटच्या नळीत होता. धुण्यासाठी सालदाराने सीट काढली होती. परत बसवताना खिट्टी भोकात पूर्ण शिरली नव्हती, कडेला अडकली होती. त्यात नळीला भरपूर तेल. काकी बसल्या की सीट त्यांच्या नकळत खाली सरके आणि गुडघा नको तेवढा दुमडे. ऑपरेशन झालेला पाय ओरडणारच.

"काकी, तुम्हना पाय चांगला शे," मी म्हणालो. "हाई सीट खाली जाई ऱ्हायनी."

त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"खरं सांगस का? का माले बरं वाटावं म्हनीसन?"

"आते बसीसन देखा ना."

मी दोरा कापून काढला. चाकाची खाच स्पिरिटने पुसली, नवा पट्टा चढवला, तार जागेवर बसवली. नळी कोरडी होईपर्यंत पुसत राहिलो. सालदार जवळ येऊन उकिडवा बसला.

"पंधरावी करी उना नि नळी पुसी ऱ्हायना," तो म्हणाला.

"तुले तं पुसानं बी सुचनं नही," काकी म्हणाल्या.

तो गुपचूप उठला आणि चिंधी घेऊन आला.

सीटची उंची ठरवायला माणसाला बसवावेच लागते. काकी पाटावर पाय देऊन चढल्या, लुगड्याचा काठ मांडीखाली खोचला. खालच्या पेडलवर टाच ठेवायला सांगितली. पाय जवळजवळ सरळ झाला तेव्हा खिट्टी सोडली. ती टक्क करून भोकात बसली आणि मी वरून हलवून पाहिली. मग त्या चालवू लागल्या. पट्ट्याने जोर धरला. त्यांनी सुरुवातीला डोळे मिटून घेतले होते, दुखण्याची वाट पाहत. दुखले नाही. त्यांनी डोळे उघडले आणि त्या माझ्याकडे न पाहता चालवत राहिल्या.

मी परत नाशिकला आलो. रोज सकाळी फोन यायचा. आज दोन पायऱ्या चढले, आज कठडा न धरता. दिवाळीत मी आणि दादा दोघेही प्रकाशाला होतो. काकी आमच्यादेखत जिना चढल्या, धाब्यावर उभ्या राहून त्यांनी नदीकडे पाहिले, आणि उतरून आल्या. दादाने हात जोडले. "जिंकलीस आई. राहा इथेच."

मला वाटले, झाले.

रात्रीची जेवणे झाल्यावर काकी म्हणाल्या, "मी जास तुन्हासंगे."

दादाला कळेना. मलाही. त्याची मुलगी, छोटी, नुकती शाळेत जाऊ लागली होती, वहिनी नोकरीला. मुलीला शाळेतून आणायला माणूस नव्हते. पण हे तर आधीही होते.

"तव्हय मी गयी असती तं तुम्ही माले उचलीसन लई जातात," काकी म्हणाल्या. "एक म्हातारी आनि एक पोर, दोन्हीस्ले कोन पाही? आते मी मन्हा पायवर जास. पोरले शाळामातून आनसू."

ज्या पायासाठी मी धावत आलो होतो, तो पाय त्यांना मिळाला होता आणि तो कुठे न्यायचा हे त्यांचे त्यांनी ठरवले होते. सकाळी मीच सायकलचे हँडल उतरवून ती गाडीच्या मागे घातली.

फोनवर आम्ही अहिराणीत बोलतो, पण फोनवर दादा असतो, छोटी असते, बोलणे पायाचे आणि हवापाण्याचे होते. म्हणून परवा मी त्यांना पत्र लिहिले. मराठीत, मोठ्या अक्षरात, म्हणजे त्यांना स्वतः वाचता येईल.

काकी, पाया पडतो.

सायकल बरी चालते असे दादा म्हणाला. सीट खाली गेल्यासारखी वाटली तर बसू नका, छोटीला खिट्टी पाहायला सांगा. डावे पेडल कोणाला आवळू देऊ नका, मला फोन करा. बडोद्याला यायला मला एक गाडी बदलावी लागते, फार नाही.

मागच्या आठवड्यात पाड्यावर जाताना मी शहाद्यामार्गे गेलो आणि प्रकाशाला उतरलो. काम काही नव्हते. सालदार ओट्यावर होता. त्याने चहा केला, साखर जास्त झाली होती. घर त्याने उघडून दाखवले. सगळे जागेवर आहे. धान्याच्या खोलीत आता खताच्या गोण्या आहेत, तरी मी थोडा वेळ तिथे बसलो. पेपर जवळ होता. वाचायला काढला, पण मोठ्याने वाचवेना, म्हणून घडी करून ठेवला.

सालदार विचारत होता, काकी उन्हाळ्यात येतील का? मी म्हणालो, विचारतो. तेच विचारायला हे पत्र. छोटीच्या शाळेला सुट्टी लागली की तिला घेऊन या. मी रजा काढीन. यायचे नसेल तरी चालेल, असे मी आधी लिहिले होते. ते खरे नाही, म्हणून ते खोडून हा दुसरा कागद घेतला आहे.

काय ते तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून कळवा. अक्षर कसेही आले तरी मी वाचीन.