देवाआधी घेतलेला वास

कोरोनातून उठले खरी, पण नाक मेलंच होतं. भाकर तोंडात भुशासारखी फिरायची. अंग उतरत चाललं होतं, आणि दाराची कडी वाजली तरी छातीत धडधडायचं. डॉक्टर म्हणाले, खाल्लं नाही तर पुन्हा भरती व्हावं लागेल. दवाखान्याचं नाव काढलं की मी गोधडीत तोंड लपवायचे. देवाचा असा राग आला होता, काय सांगू! जन्मभर त्याला फुलं पुरवली आणि त्यानं हे द्यावं?

अकोल्याजवळ आमचा मोगऱ्याचा मळा आहे. नवी सून होते तेव्हा पहिल्याच पहाटे कळी नाकाशी नेली, तर सासूबाईंनी हातावर फटका दिला होता. "देवाच्या आंधी तू वास घेतं काय वं?" हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, आणि आमची सगळी फुलं देवळांकडेच जायची. इतकी वर्षं मोगऱ्यात राबले, पण नाकाशी धरून फूल कधी हुंगलं नाही.

त्या उन्हाळ्यात देवळं बंद होती. मोगरा झाडावरच फुलून वाळत होता. एका संध्याकाळी सासूबाईंनी माझी बाज मोगऱ्याच्या वाफ्यांत टाकली आणि ओंजळभर फुलं माझ्या नाकाशी धरली. मी दचकून मागे सरले.

"आत्याबाई, देवाची हायेत न!"

"देऊळ बंद हाय तं देव कुठी जाईन? इथंच फिरून राहिला असन वावरात. त्याचा वास घेऊन झाला समज. आता हा परसाद हाय. घे."

काहीच वास आला नाही. मी ओक्साबोक्शी रडले. त्याही रडल्या. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

मग रोज दिवस कलला की मी त्या बाजेवर. कळ्या हळूहळू उघडायच्या, पाटाच्या पाण्यावर बुलबुल भांडायचे. बघता बघता डोळा लागायचा. छातीतली धडधड कमी झाली. वासाची वाट पाहणं मी सोडून दिलं, देवाला म्हटलं, तुझं तू बघ बाबा. आणि एकदा वाफ्यात पाणी शिरलं तसा ओल्या मातीचा वास आला. मागोमाग मोगऱ्याचा.

"आत्याबाई, वास येऊन राहिला!"

"मंग बोंबलून काहून राह्यली? भाकर खा," म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

त्या भाकरीची चव अजून जिभेवर आहे. आता देवळं उघडली, सासूबाई मात्र नाहीत. पहाटे फुलं तोडताना आम्ही अजूनही हुंगत नाही. फक्त एक फूल मी बाजूला काढते, डोळे मिटून पोटभर वास घेते आणि तेच घरच्या देवाला वाहते. माझी नवी सून डोळे वटारते, "आई, हुंगलेलं फूल?"

"चालते वं त्याले," मी म्हणते.