डोहातलं पांढरं पाणी

नातसुनेनं पाण्याचा पेला हातात दिला की मी आधी तो उजेडाकडं धरते, मग हुंगते. ती हसते. हसू दे बापडी. गढूळ पाण्याचं मला भय नाही. पांढरट दिसलं की मात्र जीभ आखडते आणि परंड्याकडच्या आमच्या गावाजवळचा सीनेचा डोह आठवतो. अलीकडं मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, पलीकडं इंग्रजी अंमल, आणि नदी दोघांच्या मधोमध. डोहात जाळं टाकायचा हक्क मात्र गाव बसायच्या आधीपासून काठावरच्या कोळ्यांचा.

मी तेव्हा दहा वर्षांची, पाटलाची लेक, आणि माझ्या मते गावात माझ्याइतकं शहाणं कुणी नव्हतं. एका सकाळी डोहात मासे पालथे होऊन तरंगले. कोळ्यांची म्हातारी सांगत होती, पलीकडं वरच्या अंगाला चुनखडीची खाण निघालीय, तिथलं धुवण नदीत उतरतंय. पण आदल्या दिवशी मी तिला हिंगणबेटाची फळं ठेचताना पाहिलं होतं, आणि हिंगणबेटानं मासे गुंगून मरतात हे ज्ञान मला नुकतंच झालेलं. झालं! परकराच्या ओच्यात तीच फळं घेऊन मी चावडीवर हजर. मोठी माणसं माझं ऐकतायत म्हटल्यावर मान अशी ताठ, जणू सीना माझ्याच हुकमानं वाहत होती.

म्हातारी माझ्याकडंच बघून म्हणाली, "धुणं धुवायला हाईत ती, माय. आमच्याच ताटात आमी ईख कालवू व्हय?"

माझ्या वडिलांनी कोळ्यांना डोह बंद केला. कोळी बिऱ्हाडं पाठीवर घेऊन निघून गेले.

पंधरवड्यात मासे पुन्हा तरंगले. आता फळं ठेचायला काठावर कुणी नव्हतं. वाळलेल्या दगडांवर चुन्याचा हात फिरवल्यासारखी साय दिसली. वडील करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर विचारायला गेले. तिथले म्हणाले, खाण पलीकडची, आमचा इलाखा नाही. पलीकडचे म्हणाले, मासे तुमच्या काठाला मेले. आईनं पुरावा म्हणून फडताळात ठेवलेली फळं काढली आणि त्याच फळांच्या फेसात माझा परकर धुतला. इतका लख्ख निघाला की नेसायची लाज वाटली.

डोह तुमचाच, परत या, असे निरोप वडिलांनी धाडले. कुणी आलं नाही.

पुढं दोन्ही राज्यं गेली, मधली हद्दही पुसली. पेला मी अजून उजेडाकडं धरते. घरच्यांना वाटतं, म्हातारीचा पाण्यावर भरवसा नाही. मी तर त्या पाण्यात चावडीवरच्या त्या शहाण्या पोरीवर नजर ठेवून असते. तिचा काय नेम!