ब्रेकमधली पहिली धार

आमच्या घराण्यात दारूच्या भानगडीत आजवर एकच जण धरला गेला, आणि ती आमची गाडी होती. बाकी आम्ही सगळे निर्व्यसनी! बाबा तर इतके, की खोकल्याच्या औषधाची बाटली उघडून आधी वास घ्यायचे आणि मग खोकायचं की नाही ते ठरवायचे.

गाडी विलायती. काळी, पोट सुटलेली, इंग्रज जाताना घाईत विसरून गेले असावेत अशी. बाबांनी ती एका लाकूड ठेकेदाराच्या डेपोतून आमच्या गावी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीला आणली, तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसली होती. (कोंबडी ठेकेदारानं उतरवून घेतली. आई म्हणाली, "पाहा, कामाची वस्तू तेवढी ठेवून घेतली त्यानं!") आम्ही गाडीला मेमसाब म्हणायचो.

त्याच सुमारास माझं लग्न जमत होतं. मुलगी वैनगंगेपलीकडच्या, आरमोरीच्या बाजूच्या गावची. नाव सुनंदा. पाहायला गेलो तेव्हा तिनं मलाच विचारलं, "तुमाले पोहता येते का?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मंग पुलावरूनच येत जा." झालं! मी तिथंच बुडालो. करीन तर हिच्याशीच, असं आईला परतीच्या वाटेवर सांगून टाकलं.

अडचण एकच होती, मुलीचे वडील. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. नव्वदचं दशक, नदीपलीकडे त्यांच्या गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागून फार दिवस झाले नव्हते आणि गुरुजी गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष. "हुंडा नको, मानपान नको," ते म्हणाले, "पोरगा घेत नसला पाह्यजे. वास जरी आला, तरी सोयरीक मोडली!" गावात कोणावर संशय आला की गुरुजी त्याला धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात नेत आणि अरुंद धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून चालायला लावत. पलीकडे पोचला तर सुटला, चिखलात पडला तर पिलेला. त्यावर अपील नव्हतं.

आणि साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तोंडावर आलेला असताना मेमसाबचे ब्रेक गेले! बाबांनी पेडल दाबलं, ते थेट खाली गेलं, आणि मेमसाब चौकातल्या पानठेल्यात शिरली. ठेलेवाला खिडकीतून डोकावून म्हणाला, "भाऊ, पान बाहेरूनही भेटते."

मेकॅनिक युसूफभाईंनी निदान केलं. "बाबूजी, हिचे ब्रेक तेलावर चालतात. तुमी पाय दाबला का सिलेंडर तेल ढकलते, ते नळीतून चाकात जाते आन् चाक धरते. आतली रबरं मेली हिची. नवीन आणा."

आई म्हणाली, "बसनं जाऊ." बाबा म्हणाले, "साक्षगंधाला बसनं? मग गाडी कशाला घेतली?" आई म्हणाली, "हेच मी तवापासून विचारून राह्यली!"

बाबा ते मेलेलं रबर रुमालात गुंडाळून निघाले. चंद्रपूर पालथं घातलं. एका दुकानदारानं रबर उलटंसुलटं करून विचारलं, "शेवयाच्या सोऱ्याचं आहे का?" नागपूरला एक म्हातारा दुकानदार गहिवरलाच. "काका, हिचे पार्ट नाही मिळत आता, हिच्या फक्त आठवणी मिळतात." पाण्याच्या मोटरचे वायसर, हँडपंपाचं चामडं, काय काय आणलं! एकही बसेना. शेवटी साक्षगंधाच्या आदल्या दिवशी युसूफभाईंनी काहीतरी शोधताना स्वतःच्याच फळीवरचा डबा उघडला. आत त्यांच्या उस्तादांनी एरंडीच्या तेलात बुडवून ठेवलेली रबरं! बरोबर मापाची!

"अरे, ये तो मेरेच घर में थे!" युसूफभाई म्हणाले. बाबा नुकतेच नागपूरहून बसमध्ये उभ्यानं आले होते. ते तिथंच खाली बसले.

"पण या रबराले आजकालचं तेल जमत नाई, बाबूजी. उस्ताद एरंडीत स्पिरिट मिसळत."

स्पिरिट औषधाच्या दुकानात मिळालं, ते इंजेक्शनच्या आधी दंड पुसण्यापुरतं. बाबा विचारात पडले. मग हळूच म्हणाले, "युसूफभाई, पहिल्या धारेची मोहाची पेटते म्हणतात. म्हणजे स्पिरिटच की!"

आणि तिथं आमची अक्कल चरायला गेली. मेमसाब उद्या कोणत्या जिल्ह्यात जाणार आहे, हे एकालाही आठवलं नाही!

मोहाची आणायला मला पाठवलं. आयुष्यात पहिल्यांदाच! झोपडीतल्या बाईला मी घाम पुसत सांगितलं, "बाई, ब्रेकसाठी पाहिजे."

"हाव बापा," ती बाटली भरत म्हणाली, "सारेच कायसाठी ना कायसाठी नेतेत."

युसूफभाई म्हणाले, "मी हात नाई लावणार." बाबा म्हणाले, "मीही नाही." शेवटी मीच नाकाला रुमाल बांधून एरंडीत मोहाची ओतली. चमचाभर पेटवून पाहिली, निळी ज्योत आली. मेमसाब चौकात गेली आणि पानठेल्याच्या अलीकडे थांबली! ठेलेवाल्यानं टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही नटूनथटून निघालो. मी पांढऱ्या सफारीत, पायांत नवे बूट. ब्रह्मपुरीपर्यंत मेमसाब गुणी मुलीसारखी वागली. वैनगंगेचा पूल ओलांडला, पलीकडे पोलिसांचा नाका दिसला आणि बाबा ओरडले, "पेडल मऊ लागून राह्यलं!" कशीबशी गाडी नाक्यावर थांबली. नळीत हवा शिरली होती. ती काढायची म्हणजे एकानं पेडल मारायचं आणि दुसऱ्यानं चाकाखाली झोपून बारका स्क्रू ढिला करायचा. बाबा पेडलवर बसले. दुसरा कोण, हे सांगायला नको.

स्क्रू जरा जास्त ढिला झाला. बाबांनी जोरात पेडल मारलं आणि पहिली धार माझ्या तोंडावर, दुसरी सफारीवर, उरलेली बुटांवर! तेवढ्यात गाडीशेजारी खाकी पाय येऊन उभे राहिले.

"कोण पिऊन आहे?" हवालदारानं विचारलं.

"कोणी नाही साहेब," बाबा म्हणाले.

"मंग वास कायचा येऊन राह्यला?"

"ब्रेकचा."

"ब्रेक पेते?"

"हो. मोहाची. एरंडीच्या तेलात."

हवालदारानं वाकून चाकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "काका, मी लय बहाणे आयकले. पण असा नाई आयकला."

मी गाडीखालून बाहेर सरकलो. समोर गुरुजी! पाहुण्यांच्या स्वागताला नाक्यापर्यंत आले होते. हातात हार, मागे समितीची माणसं, आरतीचं ताट घेतलेल्या बायका आणि त्यांच्यात सुनंदा. गुरुजींनी एकदाच श्वास आत घेतला आणि हार पाठीमागे नेला.

"गुरुजी, मी घेत नाही हो!" मी कळवळलो. (तोंडातून एरंडीचा बुडबुडा आला.) "गाडी घेते!"

"धुऱ्यावर चला," गुरुजी म्हणाले.

रस्त्याला लागूनच उन्हाळी धानाची बांधी होती. नुकती रोवणी झालेली, चिखल लोण्यासारखा. मी सुनंदाकडे पाहिलं, तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मी देवाचं नाव घेऊन पाऊल टाकलं. मी शुद्धीत होतो हो, पूर्ण शुद्धीत! पण बुटांचे तळवे एरंडीत न्हालेले. एक पाय आरमोरीकडे गेला, दुसरा ब्रह्मपुरीकडे, आणि मी पाठीवर चिखलात.

"पिलेला!" समिती एकमुखानं म्हणाली.

"थांबा!" बाबा पुढे झाले. "माझ्या पोरावर आळ? मी जन्मात थेंब घेतला नाही, मी चालून दाखवतो!" मी धुऱ्यावर सोडलेल्या तेलावर त्यांचा पाय पडला आणि ते माझ्या शेजारी येऊन बसले. आई रस्त्यावरून म्हणाली, "बसनं गेलो असतो."

"बापही!" गुरुजी संतापले. आम्हाला ओढून काढायला पांढरंशुभ्र धोतर सावरत ते तरातरा धुऱ्यावर आले. आम्ही दोघंही ओरडलो, "गुरुजी, नका!" पण ते आमच्यात सामील झाले.

हवालदारानं टोपी काढली. "गुरुजी... तुमीबी?"

तेव्हा सुनंदा पदर खोचून पुढे आली. "बाबा," ती म्हणाली, "आता तिघांलेही पिलेले म्हणाचं का कोणालेच नाई?"

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. मग बसल्या जागेवरून हात लांब करून धुऱ्यावर बोट फिरवलं, चोळलं, नाकाला लावलं. "एरंडी!" ते म्हणाले, आणि चिखलात बसूनच असे हसायला लागले की समितीलाही हसावं लागलं. मला तर रडूच आलं. चिखलामुळे ते कोणाला दिसलं नाही, हे बरं झालं.

हवालदाराला मात्र कोणाला तरी धरायचंच होतं. त्यानं मेमसाबच्या ब्रेकमधला सगळा माल मातीत ओतायला लावला. समितीच्या रिवाजाप्रमाणे पकडलेल्याला शपथही घ्यावी लागे. तेव्हा मी बॉनेटवर हात ठेवून तिच्या वतीनं म्हटलं, "यापुढे थेंबाला शिवणार नाही!" साक्षगंध मी गुरुजींच्या धुतलेल्या धोतरात केलं आणि मेमसाब दोन बैलांच्या मागे बांधून सिंदेवाहीला परत नेली. तिनं शपथ पाळली. पुन्हा कधी प्यायली नाही आणि पुन्हा कधी वेळेवर थांबलीही नाही.

लग्न झालं, संसार झाला. अजूनही सासरी गेलो की गुरुजी दारातच कडकडून मिठी मारतात, चांगली लांब, डोळे मिटून. असा जीव लावणारा सासरा मिळायला भाग्य लागतं, असं मी वर्षानुवर्षं चारचौघांत अभिमानानं सांगायचो. परवा सुनंदा न राहवून म्हणाली, "अवो, ते वास घेऊन राह्यले असतात!"